ठिणगीची तहान

कपड्यांनी सांगितलेलं कपड्यांतच ठेवायचं, हा मावशीचा नियम होता. एकोणीस वर्षं ती खेळाडूंच्या वसतिगृहाचे कपडे धूत होती. कोण उशीत तोंड खुपसून रडतं, कुणाच्या नाकाचं रक्त अजून थांबत नाही, कोण प्रशिक्षक सरांचा डोळा चुकवून चॉकलेटं खातं, हे अभ्रे, टॉवेल आणि खिसे तिला रोज सांगत. पण कुणी खोदून विचारलं तर ती म्हणायची, "मला बाई डाग दिसतात. माणसं दिसत नाहीत."

मावशी ती सगळ्यांचीच. इस्त्रीवाला काका तिच्याहून दहा वर्षांनी मोठा, तोही तिला मावशीच म्हणायचा.

"अहो, मी तुमची मावशी, तर माझी आई तुमची कोण?"

"आजी. फार लाड करायची माझे."

"तिनं तुम्हाला बघितलं असतं ना, तर ओल्या टॉवेलनं बडवलं असतं."

धुलाईखाना तळघरात होता. दोन मोठी यंत्रं, खळबळायचा सिमेंटचा हौद, काकाचं इस्त्रीचं टेबल, दाराशी पोती तोलायला असतो तसला वजनकाटा, आणि शेवटी कपडे वाळवायची गरम खोली. तिला सगळे भट्टी म्हणत. आत तारांवर चादरींच्या सहा रांगा आणि भिंतीलगत वाफेचे नळ. तिथला नियम साधा होता : मनात शंभर मोजून होईतो बाहेर यायचं. शंभराच्या पुढे मावशी स्वतःसुद्धा कधी गेली नव्हती.

काटा यंत्रासाठी होता. यंत्राच्या पोटात वीस किलोच्या वर गेलं की पट्टा जळायचा, म्हणून प्रत्येक गाठोडं तोलून टाकायचं. पण गेल्या वर्षभरात त्या काट्यावर गाठोड्यांपेक्षा जास्त वेळा मावशीची लेकच चढली होती.

लेकीला सगळे बारकी म्हणत. वय सोळा. मावशीचा नवरा बोटीवर कामाला गेला तो तिकडचाच झाला, तेव्हापासून मावशीच्या घरात माणसं दोन. बारकी सात वर्षांची असताना आईबरोबर टॉवेल गोळा करायला वर यायची आणि बॉक्सिंगच्या रिंगणाखाली बसून राहायची. तिथूनच तिला ठिणगी दिसली. ठिणगी म्हणजे वसतिगृहाची शान. अंगानं एवढीशी, पण रिंगणात उतरली की समोरचीला कळायच्या आत तिचं तोंड दुसरीकडे वळलेलं असायचं. आता ती बावीस वर्षांची होती आणि तिचं चित्र जिन्यात, जेवणघरात, दुधाच्या पिशवीवर, सगळीकडे होतं. बारकीही आता बॉक्सिंग खेळायची, केस तिच्यासारखे बांधायची. बुटाची नाडी आधी डावी, का तर ठिणगी आधी डावी बांधते. इथवर मावशीला मौज वाटायची. देवाचं वेड लागण्यापेक्षा हे बरं, असं ती काकाला म्हणायची सुद्धा.

मग पेपरात ठिणगीची मुलाखत आली. बारकीनं त्यातलं एक वाक्य कापून बिछान्याशेजारी भिंतीला चिकटवलं : 'वजनाच्या आधी दोन दिवस मी पाण्याकडे बघतसुद्धा नाही. तहान लागली की आधी तिच्याशी लढते. तिला हरवलं की समोरची काय चीज आहे!'

मावशीला ते वाक्य भिंतीवरून उपटून टाकावंसं वाटलं. कारण ठिणगीचे कपडे तीच धुवत होती. वजनाच्या आदल्या दिवशीचे ठिणगीचे कपडे कोरडेठक्क यायचे. चार तास दोरीउड्या मारलेल्या पोरीचे कपडे, आणि घामाचा एक ओघळ नाही. वास यायचा गोडसर, नासलेल्या फळासारखा. आणि मागच्या वर्षी एका सकाळी तिची चादर आली होती ती चहाच्या रंगाचा डाग घेऊन. मावशीनं ती चादर दोनदा धुतली, घडी केली आणि मूग गिळून गप्प बसली. नियम म्हणजे नियम.

आता तो नियम तिला घशात अडकलेल्या काट्यासारखा टोचू लागला. बारकी अठ्ठेचाळीस किलोच्या गटात खेळणार होती आणि भरत होती पन्नास. घास चावायची आणि हळूच कागदात थुंकायची. कागद आईला खिशात सापडायचे. पेल्यात थुंकत बसायची, का तर थुंकीचंही वजन असतं. एकदा जिन्यात तिला भोवळ आली.

"अगं, डोळे बघ आरशात. खोबणीत गेलेत."

"ठिणगीचे पण जातात."

"ठिणगी विहिरीत उडी मारेल, तू मारशील?"

"ती मारेल तर काहीतरी कारण असेल ना आई."

पोरगी हे चेष्टेनं म्हणाली नव्हती.  आपण दिवसभर कानीकपाळी ओरडतोय ते आणि ती दुधाच्या पिशवीवरची बाई एका ओळीत बोलली ते, यात आपलं पारडं कुठल्या कुठे वर उडालंय हे मावशीला त्या क्षणी कळलं. ओरडून काही होणार नव्हतं. सरांना सांगून पाहिलं, तर सर म्हणाले, "मावशी, सगळेच थोडं वजन उतरवतात. तुम्ही आई आहात, तुम्हाला वाटणारच."

म्हणून तिनं एक उपाय केला. काट्याच्या मागे तोल साधायचा एक पेच असतो. काका दुपारचा डुलकी घेत होता तेव्हा तिनं तो पेच पिळला. काटा दीड किलो कमी दाखवू लागला.

दुसऱ्या दिवशी बारकी काट्यावर चढली आणि किंचाळली. "आई! अठ्ठेचाळीस सहाशे!" त्या संध्याकाळी तिनं भात खाल्ला, थुंकला नाही. आठवड्यानं काटा सत्तेचाळीस नऊशे दाखवू लागला. पोरगी अंडं खाऊ लागली, पाणी पिऊ लागली, गाल जरा भरले. मावशीचं गणित सरळ होतं. स्पर्धेच्या सकाळी सात वाजता पंचांच्या काट्यावर पोरगी दीड किलो जास्त भरेल, तिला परत पाठवतील, ती दोन दिवस रडेल. रडू दे. जिवंत पोरगीच रडते.

पण तीन आठवडे मावशीला धड झोप नव्हती. बारकी काट्यावर चढली की आई यंत्राशी उगाच खुडबुड करायची. त्यात यंत्र कण्हू लागलं, कारण गाठोडीही आता दीड दीड किलो जड जात होती.

काका म्हणाला, "मावशी, हे यंत्र गरोदर बाईसारखं कण्हतंय. वजन बरोबर करताय ना?"

"करतेय. तुम्ही तुमच्या इस्त्रीकडे बघा, बाही जळतेय."

बाही जळत नव्हती. काकानं तिच्याकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं आणि पुढचा सदरा टेबलावर पसरला.

मावशीला एक गोष्ट ठाऊक नव्हती. ती वर फक्त टॉवेल न्यायला जायची, त्यामुळे तिला कुणी सांगितलंच नाही की या वर्षी स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी बारा वाजता पंचांच्या काट्यावर एक चाचणी वजन ठेवलंय. कुणाला अंदाज घ्यायचा असेल तर घ्यावा म्हणून. बारकी हसत गेली. एकोणपन्नास किलो तीनशे ग्रॅम. तिनं बूट काढले, मोजे काढले, केसांचं रबर काढलं. एकोणपन्नास दोनशे पन्नास.

त्या वेळी मावशी पाहुण्या संघांच्या खोल्यांत चादरी देत फिरत होती. तीनच्या सुमारास जिन्यात सर भेटले.

"मावशी, बारकीचं वजन कसं काय वाढलं? सव्वा किलो जास्त आहे. मी म्हटलं सोड नाद, तर म्हणाली, ठिणगी एका दुपारीत दोन किलो उतरवते."

"कुठे आहे ती?"

"तुमच्याकडेच तर गेली. खाली."

मावशीच्या हातातल्या चादरी जिन्यावरून सुटल्या. ती चादरींवरूनच धावली. खाली यंत्रं चालू होती. काका इस्त्री तापत ठेवून विडी ओढायला मागच्या दारात गेलेला. भट्टीचा दरवाजा बंद होता, आणि दरवाजाशी बारकीचे बूट नीट जोडून ठेवलेले.

दार उघडताच तोंडावर वाफ आली. सहा रांगा चादरी. पांढरं, पांढरं, पांढरं. काही दिसेना. "बारके!" हाक चादरींत विरून गेली. मावशी एक रांग बाजूला सारायची तर पुढे दुसरी. तिला वाटलं, आपण याच चादरींत गोल फिरतोय आणि तिकडे पोरगी संपतेय. मग ती जमिनीवर उपडी झाली आणि चादरींच्या खालून पाहू लागली. पाचव्या रांगेपलीकडे दोन तळपाय दिसले. बोटं वर. हलत नव्हती.

बारकी भिंतीला टेकून बसली होती, अंगात गळ्यापासून घोट्यापर्यंत प्लास्टिकचा पोशाख, खेळाडू घाम काढायला घालतात तसला. डोळे अर्धे उघडे. मावशीनं कपाळाला हात लावला. कपाळ कोरडं होतं. तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं. घामाच्या माणसांचे कपडे जन्मभर धुणाऱ्या बाईला कळलं की घाम थांबलाय, म्हणजे आतलं पाणी संपलंय.

"काका! अहो काका, मेलं माझं पोर!"

काकानं बारकीला काखेत धरून ओढलं, मावशीनं पाय उचलले. धाग्याच्या कात्रीनं तिनं तो प्लास्टिकचा पोशाख टराटरा कापला आणि पोरीला कपड्यांसकट हौदातल्या थंड पाण्यात घातलं. काका ओल्या चादरी पिळून तिच्या डोक्यावर गुंडाळत होता आणि मोठमोठ्यानं शिव्या देत होता. कुणाला ते त्यालाही ठाऊक नव्हतं. बारकी मध्येच म्हणाली, "घंटा वाजली का?" आणि परत तिची शुद्ध हरपली.

चार वाजता ती दवाखान्यात होती. खाटेला एक पिशवी लटकत होती लघवीची, आणि तिच्या तळाशी चमचाभर, चहाच्या रंगाचं. मावशीनं तो रंग ओळखला. ती खाटेजवळच्या स्टुलावर बसली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला फटकळ. "शरीराचं पाणी संपलंय. मूत्रपिंडं काम करेनात. सलाईन चालू आहे, पण शुद्धीवर आली की तोंडानंही पाणी गेलं पाहिजे. दर अर्ध्या तासाला एक पेला. पिशवी भरायला लागली तर सुटलो. नाही तर मोठ्या दवाखान्यात रक्त साफ करायच्या यंत्रावर न्यावं लागेल."

साडेपाचला बारकीनं डोळे उघडले. आधी तिनं हातातली सलाईनची सुई पाहिली, मग बाटली. "हे किती भरतं?"

"काय?"

"वजन. या बाटलीचं." आणि तिनं सुई उपटली. रक्त चादरीवर उडालं. नर्स धावत आली, दोघींनी तिचा हात धरून सुई दुसरीकडे लावली, पट्टी बांधली. मावशीनं पेला तिच्या ओठांशी नेला. पोरीनं दात घट्ट मिटले.

"बारके, स्पर्धा गेली. सरांनी यादीतून नाव काढलं. आता पी."

"पुढच्या महिन्यात दुसरी आहे." बोलताना ओठ चिरले होते तिथून रक्त आलं. "माझीच चूक. मी अंडी खाल्ली. माझ्यात दमच नाही. आपल्या काट्यावर सत्तेचाळीस आठशे आणि तिथे सव्वा किलो जास्त, म्हणजे मी आदल्या रात्रीत किती खाल्लं असेल! मला आठवत पण नाही आई. मला झोपेत खायची सवय लागलीय का गं?"

मावशीला हे ऐकवेना. पोरगी स्वतःला चोर ठरवून बसली होती, आणि खरा चोर स्टुलावर पेला धरून बसला होता.

"तू काही खाल्लं नाहीस. काटा मी फिरवला. तीन आठवड्यांपूर्वी. मागचा पेच."

बारकी खाटेवर जरा मागे सरकली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिच्या डोळ्यांत भीती होती. आईचीच.

"मग आता तू म्हणतेस पाणी पी, ते तरी खरं कशावरून?"

"अगं डॉक्टर म्हणतायत..."

"तूच सांगितलं असशील त्यांना. तुझ्या हातचं नको मला." आणि तिनं तोंड भिंतीकडे वळवलं.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, नर्सनं दरडावलं. दात उघडेनात. सहा वाजले. पिशवीत तेवढंच, चमचाभर. मावशी बाहेर व्हरांड्यात आली आणि तिनं धुलाईखान्यात फोन लावला.

"काका, ठिणगीला घेऊन या."

"अहो, उद्या सकाळी तिचं वजन आहे. सर मला खोलीत शिरू देतील का?"

"गाठोड्यात घालून आणा. पण आणा."

काकानं तिला कपड्यांच्या टेम्पोतूनच आणलं. व्हरांड्याच्या टोकाला ती दिसली तेव्हा मावशी तिला खूप काही बोलणार होती. तुझ्या एका ओळीनं माझं पोर भट्टीत गेलं, पैसे घेऊन दुधाच्या पिशवीवर हसतेस आणि खरं कधी सांगत नाहीस, असं सगळं तिनं मनात रचून ठेवलं होतं. पण ठिणगी दिव्याखाली आली आणि मावशी ते सगळं विसरली. पोरीचे गाल आत ओढलेले, ओठांवर पांढरी साल, चालताना एक हात भिंतीला. जवळ आली तसा तो गोडसर वास आला. चित्रातली बाई कुठेच नव्हती. ही कुणाचीतरी वाळून गेलेली लेक होती.

"मावशी, कशी आहे ती?" ठिणगीचा आवाज खरखरीत होता. जीभ टाळूला चिकटत होती.

"पाणी पीत नाही. तू पीत नाहीस म्हणून."

"मी बोलू का तिच्याशी?"

"काय बोलशील? पी म्हणशील? आणि तू?"

ठिणगीनं मान खाली घातली. "उद्या सातला माझं अजून पाऊण किलो..."

"तुझी मागच्या वर्षीची चादर मी धुतली होती," मावशी म्हणाली. "दोनदा. हिच्या पिशवीत आज तोच रंग आहे. मी तेव्हा बोलले नाही. बोलले असते तर तू ते पेपरात सांगायला धजली नसतीस."

ठिणगी मटकन बाकावर बसली. काका तिच्यापासून हातभर लांब उभा राहिला, जणू ती काचेची होती.

"मला तेव्हा वाटलं मी मरतेय," ती म्हणाली. "मी कुणाला सांगितलं नाही. लोकांना ते तहानेशी लढणं वगैरे आवडतं हो मावशी. घाबरले म्हणून कोण छापणार?"

"आता घाबरतेस?"

"रोज."

दोघी आत गेल्या. बारकीनं मान वळवली आणि ठिणगीला पाहून तिचा चेहरा असा उजळला की मावशीला धडकी भरली. मरायला टेकलेली पोरगी हसत होती.

"ताई, मी दोन किलो उतरवणार होते. तुमच्यासारखे. आईनं काटा..."

"मला कळलं." ठिणगी खाटेच्या कडेला बसली. "बारके, मी एकदा अशीच पडले होते. रिंगणात नाही, संडासात. दाराला कडी लावून. कुणाला सांगितलं नाही."

"पण तुम्ही जिंकलात ना मग?"

ठिणगीनं होकारार्थी मान हलवली. ती खरंच जिंकली होती.  बारकी वाट पाहत होती. मावशीनं पेला पुढे केला आणि तिला कळेना, कुणापुढे करतेय ते. पाणी काठावर आलं होतं.

ठिणगीनं पेल्याकडे पाहिलं. दोन दिवसांची तहान असलेलं माणूस पाण्याकडे कसं पाहतं, ते मावशीनं आयुष्यात पहिल्यांदा इतकं जवळून पाहिलं. तिला त्या नजरेचीसुद्धा भीती वाटली. ठिणगीनं पेला घेतला, ओठांशी नेला, थांबली. मग डोळे मिटून प्यायली. अर्धं हनुवटीवरून ओघळलं. ती पेला भरून पुन्हा प्यायली, आणि तिसऱ्यांदा. तिसऱ्या पेल्याला ती रडत होती, आणि काका दारात तोंडावर हात दाबून उभा होता.

"उद्याचं काय?" बारकीनं विचारलं.

"उद्या मी काट्यावर चढणार नाही."

"माझ्यामुळे?"

"नाही गं. मला तहान लागली होती."

बारकीनं हात पुढे केला. मावशीनं भरलेला पेला तिनं आईच्या हातून नाही घेतला, ठिणगीच्या हातून घेतला. एक घोट. उसळून बाहेर आला. दुसरा राहिला. चौथ्या घोटाला तिनं डोळे मिटले आणि पेला संपवला.

नर्सनं घड्याळ पाहून तक्त्यावर लिहिलं. पिशवीत काही फरक नव्हता. इतक्यात पडणारही नव्हता.

मावशीला रडू यायला हवं होतं, हायसं वाटायला हवं होतं. पण तिला ठिणगीची भीती वाटली. आपली पोरगी हिच्यामुळे मरायला बसली आणि हिच्यामुळेच पाणी प्यायली. हिनं आज पेला बाजूला ठेवला असता, तर पोरीनंही ठेवला असता, शेवटपर्यंत. जिच्या हातात एवढं आहे ती बावीस वर्षांची, अंगानं एवढीशी, नाक पुसत बसलेली पोर आहे.

"मावशी, मी निघू?" ठिणगी म्हणाली. "सर शोधत असतील."

मावशीनं तिचं मनगट धरलं. जोरात धरलं, सुटू नये असं.

"अर्ध्या तासानं दुसरा पेला आहे," ती म्हणाली. "बस इथे. तू पण पिणार आहेस."

ठिणगी परत बसली. काकानं कुठूनतरी दुसरा पेला आणला. मावशी स्टूल ओढून दोघींच्या मधोमध बसली आणि दोघींच्या गळ्यांवर नजर ठेवून राहिली.